बंडाच्या नावाने कर्ज

१९०३ साली कोलोरॅडो राज्याच्या नॅशनल गार्डची सूत्रं शर्मन बेल नावाच्या गृहस्थाकडे आली. क्यूबाच्या लढाईत तो थिओडोर रूझवेल्टच्या ‘रफ रायडर्स’ पलटणीत होता आणि परतल्यावर क्रिपल क्रीकच्या सोन्याच्या खाणींत मॅनेजरकी करत होता. त्याला राज्याचा अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे गार्डचा प्रमुख, करायचं तर अडचण पगाराची होती. खाणीत मिळणाऱ्या पैशांपुढे सरकारी वेतन फारच किरकोळ. गव्हर्नर जेम्स पीबडी यांना मात्र बेलच हवा होता. मग असं ठरलं की राज्य आपल्या नियमाप्रमाणे वेतन देईल आणि वरची तूट खाणमालक भरून काढतील. पुढे काही महिन्यांतच क्रिपल क्रीकच्या खाणकामगारांनी संप केला आणि तो हाताळायला गव्हर्नरांनी ज्या फौजेला धाडलं, तिच्या प्रमुखाच्या पगाराचा मोठा हिस्सा त्या मालकांच्या खिशातून येत होता.

यात कोणाला फारसं वावगं वाटलं नाही, हे मला जास्त नवलाचं वाटतं. पण कोलोरॅडोत तोवर या व्यवहाराची सवय पडू लागली होती.

आपल्याकडच्या वाचकाने होमगार्ड आणि प्रादेशिक सेना यांची सरमिसळ डोळ्यांपुढे आणली, तर नॅशनल गार्डचा अंदाज येईल. एरवी कारकून, दुकानदार, कॉलेजचा विद्यार्थी असलेला माणूस ठराविक दिवशी गणवेश चढवून कवायतीला जातो, वर्षातून एकदा छावणीत राहतो आणि बोलावणं आलं की कामधंदा सोडून निघतो. मात्र होमगार्डच्या हाती काठी असते. यांच्याकडे रायफली, घोडदळ आणि तोफा असत, आणि सेनापती असे राज्याचा निवडून आलेला गव्हर्नर. पूर, वणवा, दंगल यांपासून युद्धापर्यंत सगळं त्यांच्या वाट्याला.

अमेरिकेच्या घटनेने या मिलिशियासाठी, म्हणजे गार्डच्या पूर्वजासाठी, संघराज्याच्या पातळीवरची कामं स्पष्ट लिहिली होती: संघराज्याचे कायदे अमलात आणणं, बंडं मोडणं, परचक्र परतवणं. पैशांचं मात्र कोणी धड लिहिलं नाही. १७९२ च्या कायद्याने धडधाकट गोऱ्या पुरुषांना आपापली बंदूक आणि काडतुसं पदरच्या पैशांनी आणायला सांगितलं. बहुतेकांनी आणली नाहीत. १८०८ पासून वॉशिंग्टनने सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला २ लाख डॉलरची शस्त्रं द्यायला सुरुवात केली. देशाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, मधे यादवी युद्ध होऊन गेलं, तरी हा आकडा १८८७ पर्यंत तसाच राहिला आणि मग ४ लाख झाला. बाकी खर्च राज्याने बघायचा, आणि राज्याला जमलं नाही तर शिपायांनी वर्गणी काढायची.

१८७७ च्या मोठ्या रेल्वे संपाने यात एक नवी गोष्ट आणली. पिट्सबर्गमध्ये स्थानिक गार्डचे लोक आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बंदुका रोखायला कचरले. म्हणून फिलाडेल्फियाहून तुकड्या आणाव्या लागल्या, त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि शहराचा मोठा भाग पेटला. त्या उन्हाळ्यानंतर देशभरच्या उद्योगपतींना गार्डबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला. शहराशहरांत किल्ल्यासारख्या भिंतींच्या आर्मऱ्या उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरची सातव्या रेजिमेंटची आर्मरी १८८० मध्ये तयार झाली. तिचा बहुतेक खर्च खासगी देणग्यांतून निघाला होता, आणि आतली सजावट शहरातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांना लाजवेल अशी होती.

न्यूयॉर्ककडे निदान श्रीमंत नागरिक तरी होते. कोलोरॅडो १८७६ मध्ये राज्य झालेलं, डोंगराळ, विरळ वस्तीचं. या नव्या राज्याच्या घटनेत एक कलम सावधपणे घातलेलं होतं. पश्चिमेकडची राज्यं रेल्वे आणि कालव्यांच्या भरीला पडून कर्जबाजारी होत, म्हणून कोलोरॅडोच्या घटनाकारांनी कर्ज काढण्याला मनाई केली आणि मोजकेच अपवाद ठेवले. तात्पुरती महसुली तूट, सरकारी इमारती, राज्याचं किंवा देशाचं संरक्षण, आणि बंड मोडणं. म्हणजे तिजोरीत पैसा नसताना गार्डला महिनोन्महिने रानात ठेवायचं, तर गव्हर्नरला ज्या प्रसंगासाठी ती पाठवली त्याला ‘बंड’ म्हणण्यात मोठी सोय होती. संप म्हटलं की तिजोरी रिकामी. बंड म्हटलं की कर्जरोखे काढता येत. हे रोखे शिपायांना पगारापोटी आणि दुकानदारांना मालापोटी दिले जात. नंतर केव्हातरी राज्य ते व्याजासह फेडणार. पण शिपायाला भाकर आजच लागते, तेव्हा हे कागद आज वठवून देणारा कोणीतरी हवा. तो कोण, यावर पुढे कित्येक वर्षं पुष्कळ काही ठरलं.

पहिली मोठी कसोटी उलट बाजूची निघाली. १८९४ मध्ये गव्हर्नर होते डेव्हिस वेट, पॉप्युलिस्ट पक्षाचे, लांब पांढऱ्या दाढीचे आणि त्याहून लांब जिभेचे. सत्तेवर आल्यावर त्यांनी जुलूमशाहीविरुद्ध असं भाषण ठोकलं की घोड्यांच्या लगामापर्यंत रक्ताचे पाट वाहिले तरी बेहत्तर. तेव्हापासून विरोधी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘ब्लडी ब्रायडल्स’ हे नावच पाडलं. मार्च १८९४ मध्ये त्यांनी डेन्व्हरच्या नगर सभागृहासमोर गार्डच्या तोफा नेऊन लावल्या. कारण काय, तर त्यांनी काढून टाकलेले पोलीस आणि अग्निशमन मंडळाचे सदस्य खुर्च्या सोडेनात. शेवटी प्रकरण न्यायालयाने मिटवलं, तोफा मागे गेल्या.

त्याच वेळी क्रिपल क्रीकला आठ तासांच्या पाळीला ३ डॉलर रोज, या मागणीसाठी संप चालू होता. खाणमालकांनी एल पासो काउंटीच्या शेरीफला पैसे पुरवले आणि त्याने हजाराहून जास्त डेप्युटी भरती केले. ही कायद्याने शेरीफची माणसं, पण पगार मालकांचा. संपकरी बुल हिलवर तटबंदी करून बसले होते. वेट यांनी गार्ड पाठवलं आणि दोघांच्या मधे उभं केलं. भाडोत्री डेप्युट्यांना मागे हटावं लागलं, कामगारांना त्यांचे ३ डॉलर मिळाले. अमेरिकेच्या त्या काळातल्या संपांच्या इतिहासात राज्याची फौज कामगारांच्या संरक्षणाला उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. याची किंमत गार्डच्या प्रमुखाला मोजावी लागली. अ‍ॅडज्युटंट जनरल थॉमस टार्स्नी यांना जूनमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जमधून बुरखेधाऱ्यांनी पळवलं, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली आणि गावाबाहेर सोडून दिलं. वेट पुढची निवडणूक हरले.

खाणमालकांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. १८९६ मध्ये लेडव्हिलच्या संपात नव्या गव्हर्नरने गार्ड पाठवलं तेव्हा ते खाणींच्या राखणीला होतं. पण खरी घडी बसली १९०३ मध्ये, बेलच्या काळात.

ऑगस्टमध्ये क्रिपल क्रीकचा दुसरा संप सुरू झाला. गव्हर्नर पीबडी स्वतः कॅन्यन सिटीचे बँकर. त्यांनी परिस्थिती पाहायला तिघांची समिती पाठवली. समितीत गार्डचे ब्रिगेडियर जनरल जॉन चेस होते. हे एरवी डेन्व्हरमधले डोळ्यांचे डॉक्टर. समिती रात्री पोचली, काही लोकांशी बोलली आणि फौज पाठवावी असं कळवून मोकळी झाली. स्थानिक शेरीफचं म्हणणं होतं की गरज नाही. राज्याकडे या मोहिमेसाठी पैसा नव्हता. खाणमालकांच्या संघटनेने तो पुढे करायचं कबूल केलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारभर शिपाई डोंगरात येऊन तळ ठोकून बसले.

पुढच्या वर्षभरात या फौजेने जे केलं ते वाचताना पुन्हा पुन्हा तारीख तपासावीशी वाटते. गोल्डफील्डला कुंपण घालून उघडं कारागृह केलं, त्याला लोक ‘बुल पेन’ म्हणत. युनियनचे पदाधिकारी आरोपपत्राशिवाय त्यात डांबले जाऊ लागले. जिल्हा न्यायाधीश सीड्स यांनी हेबियस कॉर्पसच्या अर्जावर सुनावणी लावली, तेव्हा शिपायांनी न्यायालयाच्या इमारतीला वेढा दिला, छपरांवर नेमबाज चढवले, रस्त्यात गॅटलिंग तोफ आणून ठेवली, आणि कैद्यांना बंदुकांच्या पहाऱ्यात न्यायमूर्तींसमोर उभं केलं. न्यायाधीशांनी त्यांना सोडण्याचा हुकूम दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो मानायला नकार दिला. गव्हर्नरांची तार आल्यावरच कैदी सुटले.

२९ सप्टेंबरच्या रात्री व्हिक्टर गावातल्या ‘व्हिक्टर डेली रेकॉर्ड’ या युनियनकडे झुकलेल्या दैनिकाच्या कचेरीत शिपाई घुसले आणि संपादकापासून जुळाऱ्यांपर्यंत सगळ्यांना उचलून बुल पेनमध्ये घेऊन गेले. उद्याचा अंक निघणार नाही असा हिशेब होता. त्यातल्या एकाची बायको एमा लँगडन स्वतः लायनोटाइप चालवायची. ती रात्री कचेरीत गेली, दारं आतून लावून घेतली, पहाटेपर्यंत एकटीने मजकूर जुळवला आणि अंक काढला. सकाळी अंकांचा गठ्ठा घेऊन ती बुल पेनपाशी हजर. तिथल्या अधिकाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पना वाचकाने करावी. पुढे लँगडनबाईंनी या संपाचा इतिहास लिहिला. त्यात पक्षपात भरपूर आहे, तरी तो आजही वाचावा लागतो.

डिसेंबरमध्ये पीबडींनी टेलर काउंटीत, म्हणजे क्रिपल क्रीकच्या परिसरात, बंड माजल्याचं जाहीर केलं. घटनेतल्या त्या कलमाला हवा तसाच शब्द. तिकडे पश्चिमेला टेल्युराइडमध्ये हाच खेळ जरा जास्त उघडपणे चालला होता. तिथल्या स्मगलर-युनियन खाणीचा मॅनेजर बल्कली वेल्स हाच गावातल्या गार्डच्या घोडदळाचा कॅप्टन. सकाळी मॅनेजर म्हणून कामगारांशी भांडायचं आणि दुपारी कॅप्टन म्हणून त्यांना अटक करायची, असं त्याचं वेळापत्रक होतं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

खाणकामगारांच्या युनियनचे, म्हणजे वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्सचे, अध्यक्ष चार्ल्स मॉयर यांना मार्च १९०४ मध्ये पकडून टेल्युराइडला आणलं. युनियनने एक भित्तिपत्रक काढलं होतं; त्यात राष्ट्रध्वजाच्या पट्ट्यांवर गार्डचे अत्याचार छापून कोलोरॅडो अमेरिकेतच आहे ना, असा प्रश्न विचारला होता. त्याबद्दल ध्वजाच्या अपमानाचा आरोप ठेवला गेला आणि मॉयर जूनच्या मध्यापर्यंत लष्करी कोठडीत राहिले. नंतर त्यांनी पीबडींवर नुकसानभरपाईचा दावा लावला. १९०९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, लेखक न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. निकालाचा सारांश असा की गव्हर्नरने प्रामाणिक समजुतीने बंड आहे असं ठरवलं की शांतता राखण्यासाठी तो माणसाला न्यायालयाविना डांबू शकतो, आणि त्याबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही. होम्स यांच्या नागरी स्वातंत्र्याविषयीच्या गाजलेल्या निकालांचं कौतुक करणारे या निकालाचा उल्लेख सहसा टाळतात.

६ जून १९०४ च्या पहाटे इंडिपेंडन्स रेल्वे फलाटाखाली स्फोट होऊन संपाच्या काळात कामावर आलेले १३ खाणकामगार ठार झाले. स्फोट कोणी घडवला यावर शंभर वर्षं वाद आहे. त्याच दिवशी मालक आणि त्यांच्या बाजूचे नागरिक शेरीफसमोर फासाचा दोर टाकून राजीनामा घेऊन गेले. बेलच्या शिपायांनी शेकडो संपकऱ्यांना आगगाडीत भरलं आणि कॅन्ससच्या सीमेवर, न्यू मेक्सिकोच्या रानात नेऊन सोडलं. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती पोर्टलँड खाणीची गोष्ट. तिचा मालक जेम्स बर्न्स युनियनशी बोलून कामगार लावत असे. त्याची खाण चालू, धंदा तेजीत, संप नाहीच. बेलने लष्करी हुकमाने ती खाण बंद पाडली. मालमत्तेच्या रक्षणासाठी आलेल्या फौजेने एका मालकाची मालमत्ता बंद केली. तो मालक संघटनेच्या पंगतीत बसणारा नव्हता एवढंच.

मतदारांनी नोव्हेंबरात पीबडींना पाडलं. मग मतपेट्यांच्या घोळावरून विधिमंडळात महिनोन्महिने तमाशा झाला आणि मार्च १९०५ मध्ये चोवीस तासांच्या आत कोलोरॅडोने तीन गव्हर्नर पाहिले. निवडून आलेले अ‍ॅडम्स यांना काढलं, पीबडी लगेच राजीनामा देण्याच्या अटीवर बसले, राजीनामा दिल्यावर लेफ्टनंट गव्हर्नर मॅक्डोनल्ड खुर्चीवर. कथानक म्हणून मराठी नाट्यगृहातही हे कोणाला पटलं नसतं.

आता लडलो या गावची गोष्ट.

१९१३ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोलोरॅडोच्या कोळसा खाणींत संप झाला. कामगार ग्रीक, इटालियन, स्लाव, मेक्सिकन. बहुतेक कंपनीच्या घरांत राहणारे. संप सुरू होताच त्यांना घरांतून काढण्यात आलं, म्हणून युनियनने माळावर तंबू उभारले. लडलोच्या वसाहतीत दोनशेच्या आसपास तंबू, हजार-बाराशे माणसं. सर्वांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न, आणि तिच्यावर ताबा रॉकफेलर घराण्याचा. कंपनीच्या बाजूने बाल्डविन-फेल्ट्स या खासगी डिटेक्टिव्ह संस्थेची माणसं होती आणि त्यांच्याकडे पोलादी पत्र्याने मढवून मशीनगन बसवलेली एक मोटार. तिला संपकऱ्यांनी ‘डेथ स्पेशल’ असं नाव दिलं. ऑक्टोबरमध्ये तिच्यातून फोर्ब्स इथल्या संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळीबार झाला.

गव्हर्नर इलायस अ‍ॅमन्स हे डेमोक्रॅट, गुरंपालनातून आलेले, कामगारांच्या मतांवर निवडलेले. २८ ऑक्टोबरला त्यांनी गार्ड बोलावलं. प्रमुख तेच जॉन चेस, आता अ‍ॅडज्युटंट जनरल. यावेळी सुरुवात चांगली झाली. डिटेक्टिव्हांपेक्षा सरकारी शिपाई बरे, म्हणून लडलोच्या लोकांनी बॅंड वाजवत, झेंडे फडकवत त्यांचं स्वागत केलं. बाहेरच्या राज्यांतून संपफोडे आणू द्यायचे नाहीत, असाच अ‍ॅमन्स यांचा पहिला हुकूम होता.

मग पैसा संपला. राज्याचे ऑडिटर रोडी केनेहन, घोड्यांना नाल मारण्याच्या धंद्यातून आणि युनियनमधून वर आलेला माणूस, गार्डच्या बिलांवर मुकाट सही करेना. रोख पगार थकले. अ‍ॅमन्स कात्रीत सापडले. फौज परत बोलवावी तर रक्तपात होईल, ठेवावी तर खर्च कुठून काढायचा? १८ नोव्हेंबरला कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष लॅमाँट बोवर्स यांनी न्यूयॉर्कला रॉकफेलर यांच्याकडे पत्र लिहिलं. डेन्व्हरच्या बँकांना आपण एकत्र आणलं आहे, ‘आपल्या छोट्या काउबॉय गव्हर्नर’शी त्यांच्या तीन-चार बैठका झाल्या आहेत, मिलिशिया टिकवायला आणि आपले कामगार कामावर परतायला लागेल तितकं कर्ज बँका राज्याला देणार आहेत, असा त्यातला मजकूर. नोव्हेंबर संपता संपता संपफोड्यांवरचा हुकूम मागे घेतला गेला. यापुढे कामावर येणाऱ्या माणसांना संरक्षण द्यायचं काम गार्डचं झालं.

बँकेचं कर्ज आणि गव्हर्नरचा घूमजाव यांत सरळ सौदा झाला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. ते लागतही नव्हतं. कर्ज किती दिवस पुरेल हे ज्यांच्या हाती, त्यांना तोंडी अट घालावी लागत नाही.

हिवाळा भयंकर होता. डिसेंबरच्या बर्फवृष्टीत लडलोचे तंबू कोसळले. चेस यांनी लष्करी कायदा रीतसर जाहीर झालेला नसतानाही तो असल्यासारखा कारभार चालवला. म्हाताऱ्या कामगार पुढारी मदर जोन्सला जवळच्या त्रिनिदाद गावच्या इस्पितळात आणि नंतर वॉल्सेनबर्गच्या न्यायालयाच्या तळघरात कोंडून ठेवलं. २२ जानेवारीला तिच्या सुटकेसाठी बायकांनी त्रिनिदादमध्ये मोर्चा काढला. चेस घोड्यावरून मोर्चाला अडवायला पुढे गेले आणि सगळ्यांसमोर खाली पडले. लोक हसले. त्यावर त्यांनी घोडदळाला बायकांवर तुटून पडायचा हुकूम दिला.

पगार अनियमित झाल्याने गार्डमधले कॉलेजकुमार आणि कारकून निघून जात होते, आणि त्यांच्या जागी खाणींचे पहारेकरी भरती होत होते. फेब्रुवारीअखेर खर्च कमी करण्यासाठी राज्याने बहुतेक फौज घरी पाठवली. एप्रिलमध्ये उरली कार्ल लिंडरफेल्ट या लेफ्टनंटची जेमतेम तीस-पस्तीस माणसांची तुकडी, आणि घाईघाईने उभारलेलं ‘ट्रूप ए’. या नव्या तुकडीतले बहुतेक लोक कोळसा कंपन्यांचे नोकर. कंपनीचा पगार चालू ठेवूनच त्यांनी राज्याचा गणवेश चढवला होता. १९०३ मध्ये निदान फक्त गार्डच्या प्रमुखाचा पगार वाटून घेतला होता. आता अख्खी तुकडी कंपनीच्या हजेरीपटावर होती.

१९ एप्रिल १९१४ रोजी ऑर्थोडॉक्स ईस्टर होता. ग्रीकांनी सण साजरा केला, बेसबॉलचा सामना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर पॅट्रिक हॅमरॉकने वसाहतीच्या ग्रीक पुढाऱ्याला, लुई टिकासला, बोलावून घेतलं. टिकास क्रीटमधून आलेला, डेन्व्हरमध्ये कॉफीहाउस चालवलेला. बोलणी चालू असतानाच गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कोणाची याचं उत्तर दोन्ही बाजूंकडे आपापलं आहे. मशीनगन दिवसभर चालली. संध्याकाळी एक मालगाडी मधे येऊन उभी राहिली, तिच्या आडोशाने पुष्कळ बायकामुलं ओढ्यात उतरून पळाली. अंधार पडता पडता तंबू पेटले आणि शिपाई लुटालुटीला लागले. टिकासला पकडून आणलं. लिंडरफेल्टने त्याच्या डोक्यात रायफल इतक्या जोराने घातली की तिचा दस्ता मोडला. नंतर टिकास पाठीत गोळ्या लागून मेलेला सापडला. दुसऱ्या दिवशी जळलेल्या एका तंबूखालच्या खड्ड्यात दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेलेली मिळाली.

मग दहा दिवस युद्धच झालं. खाणकामगारांनी शस्त्रं घेतली, खाणी जाळल्या, निदान पन्नास माणसं मेली. डेन्व्हरहून नवी कुमक निघाली तेव्हा एका तुकडीच्या ८२ शिपायांनी आगगाडीत चढायला नकार दिला. बायकामुलांवर गोळ्या घालायला आम्ही जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हजारभर बायकांनी गव्हर्नरच्या कचेरीत ठिय्या दिला. कोलोरॅडोत बायकांना १८९३ पासून मताचा हक्क होता, त्यामुळे अ‍ॅमन्सना त्यांचं ऐकणं भाग होतं. त्यांनी वॉशिंग्टनला तार केली आणि अध्यक्ष विल्सन यांनी केंद्राचं सैन्य धाडलं. ते सैन्य येताच कामगारांनी गोळीबार थांबवला. त्या शिपायांचा पगार खाणमालकांकडून येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

राज्याच्या विधिमंडळाने मे महिन्यात खास अधिवेशन घेऊन गार्डचा खर्च भागवायला कर्ज मंजूर केलं. लष्करी न्यायालयाने हॅमरॉकला निर्दोष सोडलं. लिंडरफेल्टने टिकासवर हल्ला केल्याचं न्यायालयाने मान्य केलं, पण त्यात गुन्हा नाही असा निकाल दिला. १९१५ मध्ये फ्रँक वॉल्श यांच्या औद्योगिक संबंध आयोगासमोर बोवर्सची पत्रं उघड झाली. बँकांच्या बैठकांचं ते वाक्य तेव्हा देशभर वाचलं गेलं.

गार्डच्या पैशांची व्यवस्था बदलली, ती मात्र लडलोमुळे नाही. १९०३ च्या डिक कायद्याने वॉशिंग्टनने शस्त्रांच्या बदल्यात तपासणीचा हक्क घेतला होता. युरोपात युद्ध पेटलं, मेक्सिकोच्या सीमेवर बंडखोर पांचो व्हिलाचा उपद्रव वाढला, आणि १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने गार्डच्या कवायतींनाही केंद्राचा पगार लागू केला. वर्षाला ४८ कवायती, १५ दिवसांची छावणी, आणि राज्याबरोबरच संघराज्याशी निष्ठेची शपथ. त्याच उन्हाळ्यात दीड लाखाच्या आसपास गार्ड सीमेवर गेले. आता राज्याच्या फौजेला मालकांच्या वर्गणीची गरज उरली नाही. खाणमालकांना हवं होतं ते काम दुसरीकडे सरकलं. १९१७ मध्ये कोलोरॅडोने रेंजर्स नावाचं राज्य पोलीस दल काढलं. १९२३ मध्ये गव्हर्नर विल्यम स्वीट यांनी त्याचा निधी तोडून ते मारून टाकलं. १९२७ मध्ये संप आला तसं ते पुन्हा जिवंत केलं गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये सीरीनच्या कोलंबाइन खाणीच्या फाटकाशी त्यांच्या गोळीबारात सहा संपकरी गेले.

केंद्राचा पैसा आल्याने प्रश्न संपला नाही, पत्ता बदलला. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनने राज्याराज्यांचे गार्ड सरावासाठी होंडुरासला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी हरकत घेतली. हे क्रोएशियातून आलेल्या लोखंड खाणीतल्या मजुराचे चिरंजीव. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. राज्याला पूर्णपणे आपल्या हुकमतीतलं दल हवं असेल तर ते आपल्या खर्चाने ठेवता येतं, अशीही पुस्ती जोडली. आज गार्डच्या प्रत्येक कामगिरीवर आधी शिक्का बसतो तो पैशांचा. राज्याच्या पैशाने राज्याच्या हुकमाखाली, केंद्राच्या पैशाने गव्हर्नरच्या हुकमाखाली, किंवा केंद्राच्या पैशाने केंद्राच्या हुकमाखाली.

सप्टेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर परिसरात प्रचंड पूर आला. जेम्सटाउन, लायन्स अशी गावं तुटली, गार्डच्या हेलिकॉप्टरांनी माणसं बाहेर काढली, मग त्यांच्या इंजिनिअरांनी वाहून गेलेले रस्ते बांधायला घेतले. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प अडकला आणि केंद्राचे पैसे थांबले. गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी गार्डचा पगार राज्याच्या तिजोरीतून द्यायचा हुकूम काढला, आणि थंडी पडायच्या आत डोंगरातले रस्ते खुले करायचं काम चालू राहिलं.